स्तनग्रंथी, सस्तन प्राणी आणि अष्टक्षीर : एक तौलनिक विचार

काही वर्षांपूर्वी आमच्या चिकित्सालयात प्रसूतीनंतर चौथ्या दिवशी एक बाळंतीण आली. दोन्ही काखांत लिंबाएवढ्या गाठी, ताण, ठणका आणि अंगात किंचित कसकस. सोबतच्या सासूबाईंनी निदान घरूनच करून आणले होते. "काखमांजरी झालीय डॉक्टर, पिकायच्या आत काहीतरी लेप द्या." आम्हीही प्रथमदर्शनी व्रणशोथाच्याच मार्गाने विचार केला आणि दशांगलेप लिहिण्यासाठी लेखणी उचलली. तेवढ्यात ती मुलगी सहज म्हणाली, "बाळाला पाजायला घेतलं की काखेतसुद्धा सुया टोचल्यासारखं होतं हो." लेखणी खाली ठेवून आम्ही पुन्हा परीक्षण केले. त्वचेवर लाली नव्हती. गाठ हाताला पिकणाऱ्या गळवासारखी न लागता दुधाने ताठरलेल्या स्तनासारखीच दाणेदार लागत होती. उजव्या काखेत तिळासारखा एक काळसर ठिपका होता. त्याच्या बाजूला हलका दाब देताच पांढरा थेंब वर आला. तो पू नव्हता, स्तन्य होते.

"काखेत कुठं दूध येतं का?" सासूबाईंचा हा प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर केवळ मानवी शारीर वाचून मिळत नाही. त्यासाठी गोठ्यात, शेळ्यांच्या वाड्यात आणि थोडे समुद्रापर्यंतही जावे लागते. पशूंच्या स्तनांशी वैद्याला काय कर्तव्य, असे काही वाचकांस वाटेल. परंतु ज्या शास्त्राने आठ प्राण्यांच्या दुधांचे गुण स्वतंत्रपणे सांगितले, त्या शास्त्राच्या अभ्यासकाने तरी हा प्रश्न परका मानू नये, असे आमचे नम्र मत आहे.

स्तनग्रंथी ही मुळात त्वचेची ग्रंथी आहे. घाम आणि त्वचेवरील स्निग्धांश निर्माण करणाऱ्या ग्रंथींच्याच कुळातील ती एक फार विकसित शाखा होय. मानवी गर्भाच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास काखेपासून जांघेपर्यंत, शरीराच्या दोन्ही बाजूंना, त्वचेची एक उंचवट्यासारखी रेषा दिसते. तिला दुग्धरेषा म्हणता येईल. पुढे मनुष्यात छातीवरचा तेवढा भाग टिकतो आणि बाकीची रेषा विरून जाते. काही जणींत ती पूर्ण विरत नाही. तिचा एखादा अवशेष काखेत किंवा स्तनाच्या खाली राहतो आणि प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुख्य स्तनांबरोबर तोही दुधाने भरतो. आमच्या रुग्णेच्या बाबतीत घडले ते एवढेच.

ही रेषा सर्व सस्तन प्राण्यांची सामायिक ठेव आहे. कोणत्या प्राण्याने तिचा कोणता भाग राखला, एवढाच काय तो फरक. डुकरिणीने जवळजवळ सगळी रेषा राखली. तिच्या पोटाखाली छातीपासून जांघेपर्यंत दोन ओळींत बारा ते सोळा सडे असतात. कुत्रीला आठ ते दहा, मांजरीला बहुधा आठ. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, घोडी आणि उंटीण यांनी जांघेकडचे टोक राखले. त्यांतही गाय, म्हैस व उंटीण यांना चार सड, तर शेळी, मेंढी व घोडी यांना दोन. हत्तिणीने मात्र आपल्याप्रमाणे छातीकडचे टोक राखले आहे. तिचे दोन स्तन पुढच्या पायांच्या मध्ये असतात आणि पिलू सोंड बाजूला करून तोंडानेच पिते. वटवाघळीचे स्तन छातीवर, जवळजवळ काखेतच असतात. समुद्रातील डुगाँग अर्थात समुद्रगाय, जी आपल्याकडे मन्नारच्या आखातात, कच्छच्या आखातात आणि अंदमानजवळ आढळते, तिचेही स्तन काखेशी असतात. म्हणजे काखेत स्तन असणे ही सृष्टीच्या दृष्टीने विकृती नव्हे. ती आपल्यापुरती पुसून टाकलेली एक जागा आहे.

कोणत्या प्राण्यांना स्तनग्रंथी असतात

आपल्या ग्रंथकारांनी प्राण्यांची विभागणी जरायुज, अंडज, स्वेदज आणि उद्भिज्ज अशी केली. तिचा आधार जन्म कसा होतो हा आहे. 'सस्तन' हा शब्द मात्र आधुनिक विज्ञानाबरोबर आपल्या भाषेत रुजला. स्वीडनचा कार्ल लिनियस याने १७५८ साली आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत या वर्गाला स्तनांवरून नाव दिले. तोपर्यंत तो या प्राण्यांना 'चतुष्पाद' म्हणत असे आणि देवमासे माशांमध्ये मोजत असे. वास्तविक डॉल्फिन पिलांना दूध पाजतो हे ग्रीक पंडित ॲरिस्टॉटलने सुमारे दोन हजार वर्षे आधी नोंदवले होते. लिनियस स्वतः वैद्य होता, सात अपत्यांचा पिता होता आणि श्रीमंत घरांतील बाळे दाईंकडे पाजण्यास पाठवण्याच्या तत्कालीन युरोपीय प्रथेविरुद्ध त्याने १७५२ साली लेखनही केले होते. केस, उष्ण रक्त, कानातील तीन हाडे अशी दुसरी लक्षणे असताना त्याने स्तन हेच लक्षण निवडले, यामागे हाही विचार असावा असे अनेक अभ्यासक मानतात. असो.

आज सुमारे साडेसहा हजार सस्तन जाती ज्ञात आहेत आणि त्या सर्वांत स्तनग्रंथी आहेत. अपवाद एकही नाही. परंतु ग्रंथी असणे वेगळे आणि स्तनाग्र असणे वेगळे. ऑस्ट्रेलियातील प्लॅटिपस आणि ऑस्ट्रेलिया व न्यू गिनीतील एकिड्ना हे सस्तन असूनही अंडी घालतात. अशा केवळ पाच जाती आज शिल्लक आहेत. त्यांच्या मादीला स्तनाग्रच नसते. पोटावरील त्वचेच्या एका भागातून दूध पाझरते आणि पिले ते तेथूनच चाटून-शोषून घेतात. आपल्या जुन्या विभागणीत हे प्राणी अंडजांत गेले असते आणि तरी क्षीरप ठरले असते. घामासारखे पाझरणारे ते दूध पाहिले म्हणजे स्तनग्रंथी त्वचेची लेक आहे, हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही.

कांगारूची कथा याहून विस्मयकारक आहे. त्याचे पिलू घेवड्याच्या दाण्याएवढे असताना जन्मते, आईच्या पिशवीत शिरते आणि एका स्तनाग्राला महिनोन्‌महिने चिकटून राहते. त्याच वेळी आधीचे मोठे पिलू बाहेरून तोंड घालून दुसऱ्या स्तनाग्राला पीत असते. एकाच आईच्या, शेजारशेजारच्या दोन ग्रंथी, एकाच रक्तावर पोसलेल्या. परंतु नवजातासाठी पातळ आणि मोठ्यासाठी स्निग्ध असे दोन वेगळे दूध त्या एकाच वेळी निर्माण करतात.

नरांनाही ही ग्रंथी मूळ रूपात असते. पुरुषाला स्तनाग्रे असतात, बैलालाही बारीक सड असतात. घोडा आणि उंदीर यांच्या नरांत मात्र ती आढळत नाहीत. मलेशियातील फलाहारी वटवाघळांच्या एका जातीत नरांच्या स्तनांत दूध आढळल्याचे १९९४ साली प्रसिद्ध झाले, पण ते नर पिलांना पाजतात असे दिसलेले नाही. उलट कबुतराचे नर आणि मादी दोघेही आपल्या अन्नपिशवीच्या आतील थर सुटून झालेला दह्यासारखा पदार्थ पिलांना भरवतात. त्याला 'कबुतराचे दूध' म्हणतात, तरी ते स्तनग्रंथीचे नव्हे. गंमत अशी की स्त्रीच्या स्तन्यनिर्मितीस कारण असणारे प्रोलॅक्टिन हेच संप्रेरक कबुतरातही ते काम करते आणि विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात या संप्रेरकाचा शोध पक्का झाला तो कबुतराच्या अन्नपिशवीवरूनच. ब्राझीलमधील गांडुळासारख्या दिसणाऱ्या एका उभयचर प्राण्याची मादी पिलांना स्निग्ध स्राव पाजते, हे २०२४ साली प्रसिद्ध झाले. तेथेही तो स्राव अंडवाहिनीतून येतो. पोषक द्रव पाजणारे प्राणी अनेक आहेत. स्तनग्रंथी मात्र एकाच कुळाची आहे.

पान्हा

ग्रंथीत दूध तयार होणे आणि ते बाहेर येणे या दोन भिन्न क्रिया आहेत. आपल्या भाषेने दुसऱ्या क्रियेला 'पान्हा' हा स्वतंत्र शब्द ठेवला आहे. सुश्रुताचार्यांनी स्तन्य हे शुक्राप्रमाणे सर्वदेहव्यापी मानले आणि अपत्याच्या स्पर्शाने, दर्शनाने, स्मरणानेही ते प्रवृत्त होते, या प्रवृत्तीचे कारण अखंड स्नेह हे आहे, असे सांगितले. क्रोध, शोक आणि अपत्याविषयी वात्सल्याचा अभाव ही स्तन्यनाशाची कारणेही त्यांनीच दिली. आज आपण म्हणतो की बाळाच्या चोखण्याने किंवा रडण्याच्या आवाजानेही मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून ऑक्सिटोसिन सुटते, ग्रंथीतील सूक्ष्म कोशांभोवतीच्या पेशी आकुंचन पावतात आणि दूध नलिकांत उतरते; भीती, वेदना आणि चिंता यांनी हीच क्रिया अडते. आमच्या रुग्णेच्या काखेत टोचत होते ते याच कारणाने : पान्हा सर्व ग्रंथींना एकदम फुटतो.

पशूंत या बाबतीत फरक आहेत आणि ते उद्‌बोधक आहेत. शेळीच्या कासेत दूध साठवणारी पोकळी मोठी असते. बहुतांश दूध तेथे आधीच उतरलेले असते, म्हणून शेळी कोणीही, कोठेही पिळू शकतो. गायीच्या पोकळीत साधारण पाचवा हिस्सा दूध असते. म्हशीच्या पोकळीत तर अगदी थोडे. म्हणूनच पारडू मेले, माणूस बदलला किंवा गोठा बदलला की म्हैस पान्हा चोरते. मेलेल्या पारडाच्या कातड्यात पेंढा भरून तिच्यापुढे ठेवण्याची जुनी रीत आणि ऑक्सिटोसिनची सुई टोचून दूध काढण्याचा अलीकडचा गैरप्रकार, दोन्हींचे मूळ येथेच आहे. स्त्रीच्या स्तनात अशी साठवणीची पोकळी जवळजवळ नाहीच. या दृष्टीने ती शेळीपेक्षा म्हशीला जवळची. ज्या बाळंतिणीला "तुला दूधच नाही" असे घरचे दिवसातून चार वेळा ऐकवतात, तिचा पान्हा का अडतो, याचे उत्तर शतावरीकल्पाच्या डब्यात शोधण्यापूर्वी घरात शोधावे. शतावरी आम्हीही देतो. परंतु सासूबाईंना बाहेर बसवून बाळंतिणीशी पाच मिनिटे बोलल्यावर देतो.

आठ दुधे आणि त्यांची पिले

आता मुख्य विषयाकडे येऊ. चरकाचार्यांनी मेंढी, शेळी, गाय, म्हैस, उंटीण, हत्तीण, घोडी आणि स्त्री अशी आठ क्षीरे सांगितली. हे आठही प्राणी सस्तन आहेत हे उघड आहे. परंतु या आठांची पिले किती निरनिराळ्या रीतीने वाढतात, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांच्या दुधाचे गुण निरनिराळे का, याचा उलगडा होऊ लागतो.

स्त्रीच्या दुधात शंभर भागांत प्रथिने सुमारे एक भाग, स्नेह चार आणि दुग्धशर्करा सात भाग असते. गायीच्या दुधात प्रथिने सुमारे सव्वातीन, स्नेह चार, शर्करा पावणेपाच; क्षारांचे प्रमाण स्त्रीच्या दुधाच्या तिपटीहून अधिक. वासराचे जन्माचे वजन दीड-दोन महिन्यांत दुप्पट होते, मानवी बालकाला त्यासाठी चार-पाच महिने लागतात. वासराला लवकर हाडे आणि मांस हवे, मानवी बालकाला आधी मेंदू वाढवायचा आहे. सश्याची पिले सहा-सात दिवसांत दुप्पट होतात आणि सशीण त्यांना दिवसातून एकदाच, काही मिनिटे पाजते. तिचे दूध अर्थातच अत्यंत घट्ट असते. उत्तर अटलांटिकमधील एक सील बर्फावर केवळ चार दिवस पाजते. तिच्या दुधात सुमारे साठ टक्के स्नेह असतो आणि त्या चार दिवसांत पिलू जवळजवळ दुप्पट होते. थोड्या वेळा पाजणाऱ्यांचे दूध घट्ट, वारंवार पाजणाऱ्यांचे पातळ, असा सामान्य नियम दिसतो.

मानवी दूध पातळ आहे ते याच नियमाने. दिवसरात्रीत आठ-बारा वेळा पाजण्यासाठीच ते घडलेले आहे. "माझ्या अंगावरचं दूध पातळ आहे, बाळाचं पोट भरत नाही," ही तक्रार घेऊन दर आठवड्याला आमच्याकडे कोणीतरी येते. त्यामागे घरातल्या म्हशीच्या दुधाशी केलेली तुलना असते. म्हशीच्या दुधात स्नेह सुमारे सात टक्के असतो. ग्रंथकारांनी ते गुरू, स्निग्ध, निद्राजनक आणि तीक्ष्णाग्नीस हितकर म्हटले आहे. हे वर्णन वाचल्यावर दोन महिन्यांच्या मंदाग्नी बालकास ते देऊ नये, हे निराळे सांगण्याची गरज नसावी. तरीही ते दिले जाते, आणि "बाळ चांगलं झोपतं" म्हणून कौतुकही होते.

ग्रंथोक्त गुण आणि आजचे पृथक्करण यांचा मेळ सर्वत्र बसवण्याचा अट्टाहास आम्हांस मान्य नाही. काही ठिकाणी तो बसतो, काही ठिकाणी बसत नाही. घोडीच्या दुधाला शास्त्राने लघू म्हटले. त्यात स्नेह दीड टक्क्याच्या आसपासच असतो आणि शर्करा मात्र मानवी दुधाच्या जवळ. गाय-म्हैस-शेळी हे रवंथ करणारे प्राणी, घोडी आणि गाढवी रवंथ न करणारे. त्यांच्या दुधातील प्रथिनांची घडणही वेगळी असते, त्यामुळे पोटात पडणारा चोथा मऊ असतो. ग्रंथकारांनी 'एकशफ' असा खुरांवरून वर्ग केला आणि तो दुधाच्या बाबतीतही सार्थ ठरला, ही दाद देण्यासारखी गोष्ट आहे. उलट उंटिणीचे दूध शास्त्रानुसार रूक्ष, उष्ण, किंचित लवण आणि उदर, शोफ, अर्श यांत उपयुक्त. येथे केवळ स्नेहप्रमाण पाहून काहीच हाती लागत नाही, कारण ते गायीच्या दुधाहून थोडेच कमी असते.

गाढवीच्या दुधाविषयी एक अनुभव नोंदवणे अगत्याचे वाटते. आपल्याकडे गल्लोगल्ली गाढवी घेऊन फिरणारे लोक तान्ह्या बाळांना चमचाभर दूध पाजतात. खोकला, दमा, 'बाळसं' अशा कारणांसाठी. कच्चे, न उकळलेले, रस्त्यावर पिळलेले हे दूध एका महिन्याच्या बाळास देणे म्हणजे अतिसाराला आमंत्रण होय. गुण लघू असला तरी हात स्वच्छ नसतात.

शेळीचे दूध आणि आमची चूक

शेळीच्या दुधाला शास्त्रात फार मान आहे. शेळीचे शरीर लहान, ती कडू-तिखट पाला खाते, पाणी थोडे पिते आणि हिंडते पुष्कळ, म्हणून तिचे दूध लघू, ग्राही, आणि क्षय, ज्वर, कास, रक्तपित्त, अतिसार यांत हितकर, अशी कारणमीमांसाही दिली आहे. प्राण्याचा आहारविहार त्याच्या दुधात उतरतो, हे त्या काळी स्पष्टपणे मांडणे ही सामान्य गोष्ट नव्हे. शिवाय स्तन्याच्या अभावी बालकास शेळीचे किंवा गायीचे दूध लघुपंचमुळांनी अथवा शालपर्णी-पृश्निपर्णींनी सिद्ध करून साखरेसह द्यावे, असे वाग्भटाचार्यांनी सांगितले आहे. आम्ही ते वाचले होते, पाठ केले होते आणि त्याच आधारावर एकदा चुकलो.

दोन महिन्यांच्या एका बाळाची आई विषमज्वराने अंथरुणाला खिळली. कोणीतरी तिला अंगावर पाजणे बंद करावयास सांगितले आणि दूध आटले. घरी शेळ्या होत्या. घरच्यांनी आम्हांस विचारले. आम्ही वाग्भटांचे नाव घेऊन संमती दिली, सिद्ध करण्याची रीतही लिहून दिली. बाळाला अतिसार झाला नाही, सर्दी झाली नाही, वजनही काही काळ वाढले. आम्ही समाधानी होतो. सातव्या महिन्यात ते बाळ पुन्हा आमच्यापुढे आले तेव्हा कागदासारखे पांढरे पडलेले, चिडचिडे, जीभ गुळगुळीत झालेली. रक्तात हिमोग्लोबिन सहा ग्रॅम. आम्ही पांडुरोग म्हणून लोहकल्प देण्याच्या विचारात होतो. सुदैवाने त्यापूर्वी तालुक्याच्या बालरोगतज्ज्ञांकडे पाठवले. रक्तकण आकाराने मोठे झाले होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा : "याला शेळीचं दूध देता का?"

शेळीच्या दुधात फॉलिक आम्ल अत्यल्प असते. गायीच्या किंवा मातेच्या दुधाच्या तुलनेत अगदीच नगण्य. जे थोडे असते तेही उकळण्यात कमी होते. करडू लवकरच पाला खाऊ लागते, त्यामुळे त्याचे अडत नाही. परंतु महिनोन्‌महिने केवळ याच दुधावर ठेवलेल्या मानवी बालकाला जो पांडू होतो, तो वैद्यकात शंभर वर्षांपूर्वीच वर्णिलेला आहे. आम्हांस तो ठाऊक नव्हता. फॉलिक आम्लाच्या गोळ्यांनी आणि वरच्या आहाराने बाळ काही आठवड्यांत सुधारले. लोह दिले असते तर आम्ही आणखी महिनाभर वाट पाहत बसलो असतो.

यावरून वाग्भट चुकले असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांच्यापुढे आधी मातेचे स्तन्य, नंतर परीक्षा करून निवडलेली धात्री आणि तीही नसल्यास पशूचे दूध असा क्रम होता. आम्ही पहिल्या दोन पायऱ्या वगळून तिसरीवर उडी घेतली. मातेस विषमज्वर झाला तरी बहुधा पाजणे थांबवावे लागत नाही. आटलेले दूध वारंवार चोखवून पुष्कळदा परत आणता येते. हा प्रयत्न आम्ही करावयास हवा होता. धात्रीची जागा आज मातृदुग्धपेढीने घेतली आहे. अशी आशियातील पहिली पेढी मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात १९८९ साली सुरू झाली. पेढ्यांतील दूध प्रामुख्याने अपुऱ्या दिवसांच्या व आजारी नवजातांसाठी असते, ते सर्वांस मिळेल असे नाही, हे खरे. तेव्हा उरतो तो डब्याच्या दुधाचा पर्याय, आणि तो बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच. डब्यांची जाहिरात करण्यास व वैद्यांनी त्यांचा पुरस्कार करण्यास १९९२ च्या कायद्याने बंदी आहे आणि ती योग्यच आहे. परंतु खरोखर गरज असलेल्या बाळास केवळ 'कृत्रिम' म्हणून तो नाकारून शेळीवर ठेवणे हे शास्त्रनिष्ठेचे लक्षण नव्हे. पुढे कधीही शेळीचे दूध द्यावे लागलेच, तर फॉलिक आम्ल जोडीला हवेच.

चिकाविषयीही येथेच सांगितले पाहिजे. गायीच्या अपरेतून वासराकडे रोगप्रतिकारक द्रव्ये जात नाहीत. ती सर्व चिकातून मिळतात आणि वासराच्या आतड्यातून ती शोषली जाण्याची मुदत जेमतेम पहिल्या दिवसाची असते. खरवसाच्या हौसेपायी पहिल्या धारा विकणारा शेतकरी वासराचा जीव धोक्यात घालतो. मानवी गर्भास ही द्रव्ये अपरेतून काही प्रमाणात आधीच मिळालेली असतात. चिकातील द्रव्ये त्याच्या आतड्याच्या अंतस्त्वचेचे रक्षण करतात. गायीचा चीक आपण वेलची घालून आवडीने खातो आणि आपल्या बाळाचा चीक मात्र 'जड' म्हणून पिळून टाकतो. तिसऱ्या-चौथ्या रात्री स्तन्य प्रवृत्त होते हे सुश्रुतांचे निरीक्षण अचूक आहे. पण त्याचा अर्थ तोपर्यंत बाळाला स्तनापासून दूर ठेवावे असा घेऊ नये. त्या दिवसांत द्यावयास सांगितलेल्या मधाविषयीही आज आपण सावध असले पाहिजे, कारण एक वर्षाच्या आतील बालकांत मधातील जंतूंमुळे पक्षाघातासारखा गंभीर विकार झाल्याची उदाहरणे आहेत.

आणखी एक गोष्ट थोडक्यात. मातेच्या संप्रेरकांच्या प्रभावाने नवजात बालकाचे स्तनही, मुलगा असो की मुलगी, काही दिवस फुगतात आणि त्यांतून दुधासारखा थेंबही येतो. न्हाऊ घालणाऱ्या बायका तो 'पिळून काढावा' असे मानतात. त्यातून नवजाताच्या स्तनात विद्रधी झालेली बालके आम्ही पाहिली आहेत. हे थेंब काही आठवड्यांत आपोआप थांबतात. हात लावू नये, एवढीच त्याची चिकित्सा.

काखेच्या गाठींचेही तसेच. गार पाण्याची घडी ठेवावी, त्या पिळू नयेत, शेकू नयेत. मुख्य स्तनाने बाळास पाजत राहावे. काही दिवसांत त्या भागातील निर्मिती थांबते व गाठी ओसरतात. ताप वाढला, त्वचा लाल झाली तर स्तनविद्रधीप्रमाणे तातडीने विचार करावा. आणि बाळंतपणाशी संबंध नसताना काखेत टिकून राहणारी कठीण गाठ आढळली, तर ती 'जादा स्तन' म्हणून सोडून देऊ नये. जे विकार स्तनाला होतात ते या अवशेषालाही होऊ शकतात, अर्बुदासह. अशा रुग्णेला तपासणीसाठी लगेच पाठवावे.

ती बाळंतीण अडीच वर्षांनी दुसऱ्या खेपेस आली. चौथा दिवस, त्याच दोन गाठी. या वेळी सासूबाईंनी लेप मागितला नाही. खुर्चीवर बसता बसता त्या म्हणाल्या, "आमच्या गाभण शेळीलाबी एक जादा सड आहे डॉक्टर, परवाच बघितला."